विहिरीतली मरळ

आमच्या घरी मासे खाण्याबाबत एकच नियम होता: विहिरीतली मरळ खायची नाही. मी कर्जतला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, दादा कशेळ्याजवळ गावी शेती बघतो. आईचा हा नियम दोघांना लहानपणापासून पाठ, आणि दोघांनी मिळूनच तो मोडला.

दर उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढतात. पंपाने पाणी उपसायचं, सापडलेले मासे पिंपात ठेवायचे आणि नवं पाणी भरलं की परत सोडायचे. त्या वर्षी आई लोधिवलीला मावशीकडे गेली होती. चिखलातून मरळ वर निघाली, हातभर लांब, काळीशार.

"म्हातारी झाली गं ही," दादा म्हणाला. "आई नाय तोवर उरकू."

मी नको म्हणायला हवं होतं. मी आलं-लसूण वाटायला घेतलं. डोक्याचा तुकडा माझ्या पानात पडला आणि तो फर्मास होता, हेही कबूल करते.

आईने आल्या आल्या विचारलं, "मरळ सोडलीत ना परत?"

"सोडली," आम्ही दोघंही म्हणालो.

पावसाळा संपला आणि विहिरीचं पाणी हिरवं झालं. लग्न होऊन आल्यापासून आई तेच पाणी पीत आली होती, दुसरं तिच्या घशाखाली उतरत नसे. दादा कशेळ्याहून विकतच्या पाण्याचा तोटीवाला बाटला आणू लागला. आई घोटभर प्यायची, तोंड वाकडं करायची, चहा अर्धा टाकून द्यायची. मी खापर दादावर फोडलं. त्याने काठावरची जांभूळ तोडली, म्हणून ऊन पडतं आणि शेवाळ धरतं, असं त्याला ठणकावून सांगितलं. बाई सांगतायत म्हटल्यावर त्यालाही ते पटलं.

मग एकदा वर्गात शिकवत होते, शिकारी प्राणी काढून घेतला तर खालच्यांची संख्या कशी वाढते ते. आलेख चढता काढताना हात थांबला. आमच्या विहिरीत आरोग्यसेविकेने डासांसाठी गप्पी मासे सोडले होते. मरळ त्यांना खायची, म्हणून ते मोजकेच राहायचे. ती गेल्यावर गप्पी बेसुमार वाढले. पाण्यातले जे बारीक जीव शेवाळ खातात, ते गप्पींनी फस्त केले. शेवाळाला मग रान मोकळं. दरवर्षी मी हे तळ्याचं उदाहरण घेऊन शिकवते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. फार लाज वाटली.

दादाने नदीवर मासे धरणाऱ्या एकाकडून मरळीची दोन पिल्लं आणली. आई टीव्हीसमोर असताना आम्ही ती विहिरीत सोडली. पुढे एकच दिसायची, दुसरी बहुधा तिच्याच पोटात गेली. दोन पावसाळे गेले. गप्पी कमी झाले, पाणी निवळत निवळत तळ दिसू लागला.

मी तांब्या भरून आईपुढे नेला. तिने पेल्यात ओतून निरखलं.

"नवी मरळ लागली म्हणायची कामाला."

दादा अंगणात निघून गेला. मी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"आले त्याच दिवशी. चुलीमागं खवलं पडली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी कधी सांगता, ते बघत होते."

ती दोन घोट प्यायली आणि पेला खाली ठेवला. "आता याचाच वास येतो गं मला," म्हणाली. उरलेलं पाणी तिने अळवाला घातलं आणि पेला बाटल्याच्या तोटीखाली धरला.