काचेबाहेरून वाचलेली कादंबरी

रविवारी दुपारी वहिनींनी ती कादंबरी वाचून संपवली. दादाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या आहेत आणि जंतू जाऊ नयेत म्हणून इस्पितळातल्या त्याच्या खोलीत पुस्तक न्यायलाही बंदी आहे. म्हणून वहिनी काचेबाहेर स्टुलावर बसून फोनवर वाचून दाखवत, आत दादा पडून ऐकत असे.

कादंबरीत परग्रहावरून आलेले हल्लेखोर तोफांना दाद देत नाहीत, शेवटी पृथ्वीवरच्या साध्या जंतूंनी मरतात. त्या पानाशी वहिनी थांबल्या.

"वाच की गं," स्पीकरवरून दादाचा आवाज आला. "शेवट माहीत आहे मला. शाळेत वाचलंय."

"मग पुन्हा कशाला मागितलंत?"

"तेव्हा मी माणसांच्या बाजूने होतो."

वहिनींनी पान पुरं केलं. त्या मरणाला पुस्तकात एकच परिच्छेद आहे. पुढच्या पानावर लोक आनंदाने घरी परततात. लहानपणी आम्हा भावांनाही तिथे आनंदच झाला होता. हल्लेखोरांना ताप चढला असेल, तहान लागली असेल, त्यांचीही कुणी दूरवर वाट पाहत असेल, हे पुस्तकात कुठेच नाही.

संध्याकाळी नर्सने काचेपाशी येऊन थर्मामीटर दाखवला. ताप एकशे तीन होता.