पोह्यांच्या बैठकीत तापलेली उल्का

मुलगी बघायला लातूरजवळच्या मुरुडला निघालो, तेव्हा गाडीत बसल्या बसल्या मामांनी दम भरला. "आज तोंड पोह्यापुरतंच उघडायचं. तीन ठिकाणचे नकार तुझ्या तोंडानंच आणलेत." मी मान डोलावून हाव म्हटलं. मनापासून म्हटलं होतं, देवाशपथ.

पण त्याच आठवड्यात आकाशातून पेटता गोळा गेल्याचा व्हिडिओ आमच्या भागातल्या मोबाईलवर फिरत होता. बैठकीत बसताच मुलीच्या काकांनी नेमका तोच माझ्यासमोर धरला. "पाव्हणं, हे काय असंल हो?"

मामांनी माझ्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता.

"उल्का! अवकाशातला दगड. वातावरणात शिरला की हवेच्या घर्षणानं जळतो." मी तळहातावर तळहात चोळूनही दाखवला.

"घर्षणानं नाही," पोह्यांचा ट्रे ठेवता ठेवता मुलगी म्हणाली. ती लातूरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते, हे मला माहीत होतं. तरी म्हणालो, "आम्हाला शाळेत हेच शिकवलंय."

"दगड इतका सुसाट येतो, की पुढच्या हवेला बाजूला सरायला वेळच मिळत नाही. ती दाबली जाते. दाबली की तापते, आणि त्या तापानं दगड वितळतो."

"म्हणजे घर्षणच."

मामांनी डोळे मिटले. मुलगी उठून आत गेली. झालं, चौथा नकार! पण ती परत आली ती सायकलचा पंप घेऊन. "मारा. आधी नळी मोकळी."

भर बैठकीत, इस्त्रीच्या शर्टात, आठ माणसांसमोर मी तीसदा पंप मारला. "आता बुडाशी हात लावा." गार.

"पंपाच्या आतला दट्ट्या तीसदा घासला ना?"

"घासला की."

तिनं रबरी नळी दुमडून घट्ट धरली. "आता मारा."

आता पंप दाबता दाबेना. विसाव्या वेळी काखेतली शिवण टर्रकन फाटली, तरी मी थांबलो नाही. मग मोठ्या ऐटीत पंपाच्या बुडाशी बोट टेकवलं. "आई गं!" बोट थेट मामांच्या पाण्याच्या ग्लासात. मामा नेमके तो ओठाला लावणार होते.

अख्खी बैठक खिदळली. काकांच्या तोंडातले पोहे मोबाईलमधल्या त्या पेटत्या गोळ्यावर सांडले. मलाही हसू आवरेना. "हरलो," मी म्हणालो. "दाबलेली हवाच तापते. माझं चुकलं."

परतताना लातूर मागं पडलं. मग मामांचा फोन वाजला. पलीकडून मुलीचे वडील. "हाव... हाव..." करत ऐकून मामांनी फोन ठेवला आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच आकाशातून पडलोय.

"पोरगी हो म्हणतीय. म्हणती, आजवर लई आले, पण चुकलो म्हणणारा हा पहिलाच."

मी फाटक्या काखेसकट दोन्ही हात वर करून असा ओरडलो, की ड्रायव्हरनं ब्रेक मारला.

"तोंड!" मामा खेकसले. पण स्वतःच हसून राहिले होते, पार आमचं लोहा गाव येईपर्यंत.