टपावरची चार भोकं

मेहकरच्या स्टँडवर माझी एसटी चुकली, म्हणून एका गृहस्थाने मला आपल्या जुन्या मोटारीत घेतलं. पांढरे बूट, गळ्यात रेशमी रुमाल आणि दर वळणावर रबरी भोंगा दाबायची हौस. मोटार ते निव्वळ मिरवायला काढत. टपाला चार भोकं होती.

"राजाची गाडी हाये. इथं झेंडा लावत," ते म्हणाले.

एका झेंड्याला चार भोकं कशाला, हे मी विचारलं नाही. फुकटात बसलो होतो.

साखरखेर्ड्याजवळ मोटार बंद पडली. कापूस वेचणाऱ्या बाया धक्का द्यायला आल्या. त्यातल्या म्हातारीने भोकांवरून बोट फिरवलं.

"हे तं कर्ण्याची गाडी. बीटीचं बियाणं लावा, बोंडअळी येत नाही, असं गावोगाव वरडे. बोलनारे तुमीच होते न भाऊ?"

गृहस्थ रुमालाने काच पुसू लागले.

"अळी आली," म्हातारी म्हणाली, "तुमी काही आले नाही." तिने हात काढून घेतला. मग बाकीच्यांनीही.

शेवटी आम्ही दोघांनीच मोटार ढकलली. पांढरे बूट काळ्या मातीत रुतत होते आणि राजेसाहेब धापा टाकत मला सांगत होते, "या बायायले इतिहासाची कदर नाही."