गॅरेजमधल्या गप्प दुपारी

मेधा गेल्याची बातमी मला जेननं दिली. आधी तेच टोचलं. पुण्याच्या हॉस्टेलात एका खोलीत राहिलेली मैत्रीण माझी, आणि सकाळी ती बागेत दिसली नाही म्हणून स्वतःकडच्या किल्लीनं दार उघडून आत गेली ती ही शेजारीण. हार्ट अटॅक, झोपेतच. रडू नंतर आलं. आधी मनात आलं, किल्ली हिच्याकडे होती... आता सहा आठवड्यांनी हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे.

मेधा इथे न्यूझीलंडमध्ये, टौरंगाच्या हॉस्पिटलात फार्मासिस्ट होती. पन्नाशीत तिला हरणांच्या शिकारीचा नाद लागला, तोही जेनमुळेच, आणि पाठोपाठ रायफलची काडतुसं घरी भरण्याचा. रविवारी दुपारी दोघी गॅरेजमध्ये बसत. डोळ्यांवर गॉगल, टेबलावर बंदुकीच्या दारूचा एकच डबा, फोन स्वयंपाकघरात. मेधा दारू तोलून एकेका पितळी नळीत ओतायची, मग टॉर्च मारून प्रत्येकीत डोकावायची. जेन तेच पुन्हा तपासायची. तोंडातून शब्द नाही. मला मात्र तिथे प्रवेश नव्हता. “शोभे, तू बोलतेस,” एवढंच मेधा म्हणाली होती.

एकदा मी मुद्दाम घुसले. मुलीचं लग्न ठरल्याचं निमित्त होतं, पण खरं म्हणजे ते बंद दार मला सहन होत नव्हतं. मी बोलत सुटले. मेधानं हातातलं काम थांबवलं, सगळं ऐकून घेतलं, मला मिठी मारली. मग टेबलाकडे वळून तिनं भरलेल्या सगळ्या नळ्या पुन्हा डब्यात रिकाम्या केल्या.

“अगं, सगळ्या कशाला?”

“कुठली भरली नि कुठली नाही, आता खात्री नाही मला. एकीत दोनदा पडली तर रायफल माझ्या तोंडाशीच फुटेल.”

तिच्या आवाजात राग नव्हता. तो जेनच्या चेहऱ्यावर होता, आणि तो पाहून मला बरं वाटलं होतं.

गेल्या आठवड्यात आम्ही मेधाचं घर आवरलं. काडतुसं नि दारू लायसन्स असलेल्यालाच नेता येते, म्हणून ते सारं जेनच्या गाडीत गेलं. तेही तिलाच... न राहवून मी विचारलं, “मला कधी आत का घेतलं नाहीत?”

“मीही मेधाला विचारलं होतं,” जेन तिच्या संथ इंग्रजीत म्हणाली. “म्हणाली, शोभा बोलायला लागली की मला ऐकतच बसावंसं वाटतं. तसं बसून तिथे चालणार नाही.” तिनं डिकी बंद केली. “माझ्याबद्दल ती असं कधी म्हणाली नाही.”

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण जेनची गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा जाणवलं, एवढ्या वर्षांत मेधा माझ्यासमोर कधी गप्प बसलीच नाही. तासन् तास गप्प असताना ती कशी दिसायची, ते फक्त जेनला माहीत आहे.