खाली कुणीतरी थांबायला हवं

संभाजीनगरात घर असलं की एक बिनपगारी नोकरी आपोआप लागते, पाहुण्यांना वेरूळ दाखवायची. आमचं घर छावणीत. दिवाळीची सुट्टी लागली की पुण्याचे, नागपूरचे, वडिलांच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी मेव्हण्याचे असे पाहुणे यायचे आणि ठरलेली फेरी निघायची. पहिल्या दिवशी मकबरा आणि पाणचक्की. दुसऱ्या दिवशी वेरूळ, येताना खुलताबादचा भद्रा मारुती आणि शेवटी दौलताबादचा किल्ला. तोवर सगळ्यांच्या हातात पिशव्या झालेल्या असायच्या, आणि सीताफळांची एक टोपली तर हमखास.

किल्ल्याच्या पहिल्या दरवाज्यातून आत गेलं की वडील त्या सामानाकडे बघायचे आणि म्हणायचे, “खाली कुणीतरी थांबायला हवं.” कुणीतरी म्हणजे आई. तिला कुणी थांब म्हणायचं नाही. ती आधीच सावली बघून बसलेली असायची, एखाद्या पाहुणीचं पेंगुळलेलं लेकरू मांडीवर घेऊन.

वर वडील रंगात यायचे. देवगिरीचे यादव, मग दिल्लीचा तो सुलतान, ज्यानं अख्खी राजधानी इथं हलवली आणि पुन्हा परत नेली. खंदकाचा पूल ओलांडला की अंधारी लागते, म्हणजे डोंगराच्या पोटातून कोरलेली काळोखी वाट. तिथं वडील मुद्दाम बॅटरी विझवायचे आणि म्हणायचे, “आता तुम्ही शत्रू आहात. दाखवा वर जाऊन.” पाहुण्या बायका एकमेकींचे पदर धरायच्या, पोरं खिदळायची. तो खेळ मला तोंडपाठ होता तरी प्रत्येक वेळी मी वडिलांचा सदरा घट्ट धरायचो, आणि आता आठवलं तरी बरं वाटतं.

खाली आलो की आई डबा उघडायची. दशम्या, शेंगदाण्याची चटणी. सगळे भरल्या तोंडानं तिला अंधारीची गोष्ट सांगायचे आणि ती दरवर्षी नव्यानं ऐकायची. कुणी घास घ्यायला थांबलं तर म्हणायची, “मग पुढं?”

वडील गेले. पाहुणेही आता हॉटेलात उतरतात आणि फोनवर नकाशा बघून फिरतात. मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मेथी निवडता निवडता आईनं विचारलं, “अंधारीत खरंच हात दिसत नाय का रे?”

“तुला माहीत नाही?”

“मी कुठं गेले कधी?”

किल्ला आवडत नसेल म्हणून ती खाली बसते असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तिला विचारायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आता तिचे गुडघे पार कामातून गेलेत, ऑपरेशनचं नाव काढलं की ती विषय बदलते, आणि घरातला जिनासुद्धा महिन्यागणिक जड होत चाललाय. पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता.

त्याच आठवड्यात, गर्दी नसेल असा दिवस बघून आम्ही दोघंच निघालो. तरी तिनं पिशवी भरलीच. डबा, पाणी, शाल. “आज कोण पाहुणे आहेत?” म्हणून मी चिडलो, तर म्हणाली, “तू हायस की.” किल्ल्यातल्या चांदमिनारापाशी बसत, मग पुढच्या पायरीवर बसत आम्ही खंदकाच्या पुलापाशी पोचलो. तिथं पिशव्यांच्या आणि पाण्याच्या बाटल्यांच्या गराड्यात एक तरुण बाई बसली होती. मांडीवर लेकरू झोपलेलं.

“कुठली गं तू?” आईनं विचारलं.

“फुलंब्रीची, मावशी. घरचे वर गेलेत. खाली कुणीतरी थांबाय पायजे ना.”

आईनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखतो. माझं डोकंच फिरलं. “आई, आज तू इथं बसणार नाहीस. सांगून ठेवतो.”

“मी कुठं बसते म्हणाले?” ती त्या पोरीकडे वळली. “ऊठ. मला हात धरून ने. दहा-वीस पायऱ्या दाखव, बास. हा थांबतो.”

“सासरचे बोलतील, मावशी.”

“कशाला बोलतील? सामान राखायला एवढा मोठा माणूस बसलाय.”

मी काही म्हणायच्या आत लेकरू माझ्या मांडीवर आलं आणि आईची पिशवी खांद्यावर. दोघी हात धरून पुलावरून गेल्या. त्या काळोखात शिरेपर्यंत मला आईचं पांढरं डोकं दिसत होतं.

मग मी बसलो. येणाऱ्याजाणाऱ्यानं मला पाण्याचा नळ कुठाय ते विचारलं. लेकरू उठलं आणि रडायला लागलं, तसा मी बसल्या बसल्या झुलायला लागलो. उठता येईना, चहाला जाता येईना, आणि आत तिचा पाय घसरला तर मला इथं कळणारही नाही. वडिलांची फार आठवण आली. त्यांच्या गोष्टीत सुलतान दिल्लीहून निघायचा आणि पुढच्या वाक्यात इथं पोचायचा. वाटेत गाठोडी राखत कोण बसलं होतं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

दोघी परत आल्या तेव्हा आई घामानं भिजली होती आणि हसत होती. पोरीनं लेकरू घेतलं. आई माझ्या शेजारी टेकली, डबा उघडला आणि अर्धी दशमी माझ्या हातावर ठेवली.

“व्हय रे, खरंच हात दिसत नाय,” ती म्हणाली. “आधी एक वळण येतं बघ. तिथं असा थंडगार वारा लागतो...”

एवढं बोलून तिनं घास तोंडात घातला.

“मग पुढं?” मी विचारलं.