लीलाधर नानांच्या दोन कार्बोरेटरचं गाठोडं

नानांच्या अंगणात पसरलेल्या धोतराची चारही टोकं मी एकत्र केली, घट्ट गाठ मारली आणि गाठोडं उचलून ओट्यावर आणून ठेवलं. वर शाबासकीची वाट बघत उभा राहिलो.

एप्रिल महिना, सन नव्वद, धरणगाव. गल्लीतून वावटळ घुसली होती. आमच्याकडे उन्हाळ्यात वावटळ आली की कुणी विचार करत बसत नाही. अंगणात कापडावर जे काही वाळत असेल, कुरडया असोत, मिरच्या असोत की घरचा कापूस, त्याची चार टोकं धरायची, गाठ मारायची आणि घरात पळायचं. पायांना चालता येण्याआधीच हे हातांना येतं. फक्त त्या दिवशी त्या धोतरावर कुरडया नव्हत्या. नानांच्या जर्मन मोटारीचे दोन कार्बोरेटर सुटे करून मांडलेले होते.

नाना हात धुऊन मागच्या दारातून आले. त्यांनी गाठोड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"नाना, वावटळ उनी," मी म्हणालो.

"बठ्ठं एक व्हई गयं," नाना म्हणाले आणि ओट्यावर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यांच्या मागून त्यांची थोरली बहीण वच्छलाअक्का आली. तिने गाठोडं हलवून बघितलं. आत खुळखुळलं. "हाई काय करं रे निंबा तू? लोखंड कोठे उडी जास का?"

आता हे नाना आणि ही मोटार म्हणजे काय, ते सांगायला हवं. मी त्यांच्याच गल्लीतला, त्यांच्या हाताखाली पाना द्यायला असायचो. लीलाधर नाना गावातल्या कापसाच्या जिनिंगमध्ये तीस वर्षं फिटर. बायको बारा वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही. विधवा अक्का शिलाई मशीन घेऊन त्यांच्याकडे राहायला आली आणि गल्लीतल्या सगळ्या ब्लाउजांची मापं तिच्याकडे जमा झाली. मोटार मूळची जिनिंगच्या मालकाच्या मुलाची. त्याने मुंबईहून आणली, दोन वर्षं उडवली, मग ती कुठल्याच मिस्त्रीला उघडेना, तेव्हा कंटाळून नानांना एका बैलजोडीच्या भावात दिली. चार दरवाजे, बसकी, नाक जमिनीला टेकलेलं. मालकाचा मुलगा म्हणायचा, ही स्पोर्टची गाडी. "स्पोर्टची, तर चार दरवाजे कसाले?" हे नानांना सहा वर्षांत समजलं नव्हतं. मलाही नाही.

सहा वर्षं ती मोटार नानांनी इकडच्या तिकडच्या सामानावर जगवली. पाण्याचे पाइप जिनिंगच्या मशीनचे. पंख्याचा पट्टा पिठाच्या गिरणीचा. पायाखाली बारदान. ब्रेकचं रबर धुळ्याहून आणलेलं, दुसऱ्याच कुठल्या गाडीचं, घरी कानशीने घासून बसवलेलं. आणि दर रविवारी बादलीभर पाण्याने धुवून एरंडोलपर्यंत फेरी. तिथे चहा प्यायचा आणि परत यायचं. एरंडोलला काही काम नसायचं.

नानांची कामाची एकच पद्धत होती. जे खोलायचं ते ज्या क्रमाने निघेल त्या क्रमाने धोतरावर डावीकडून उजवीकडे मांडायचं, आणि बसवताना उजवीकडून डावीकडे उचलायचं. भागांची नावं त्यांना माहीत नव्हती आणि लागतही नव्हती. तीस वर्षांत जिनिंगमधलं एकही मशीन बसवून त्यांच्या हातात एक वॉशर उरला नव्हता. म्हणजे नानांची सगळी विद्या त्या धोतरावर होती, आणि मी तिला गाठ मारली होती.

आणि वेळ कोणती, तर गाडीला पंधरा वर्षं झालेली. जळगावला पासिंगसाठी नेली, तर आरटीओच्या साहेबांनी काळा धूर बघून परत पाठवली. पुढच्या मंगळवारी आणा, नाहीतर रस्त्यावर दिसायला नको. त्या रात्री नाना भर गल्लीत बोलून गेले, "आते नापास व्हयनी ते भंगारले दी टाकसू." अक्काने तो शब्द पदराला बांधून ठेवला. कारण मोटार ज्या जागेवर उभी राहायची, ती अंगणातली सगळ्यात चांगल्या उन्हाची जागा, आणि सहा वर्षं अक्का शेजारच्यांच्या छपरावर पापड वाळवत होती.

धूर घालवायला नानांनी कार्बोरेटर खोलले आणि वावटळ आली, तो बुधवार होता. मंगळवारला सहा दिवस.

पहिले दोन दिवस आम्ही दोघं गाठोडं सोडून बसलो. दोन कार्बोरेटर म्हणजे जुळी भावंडं. सगळं एकेक जोडीनं, पण सारखं दिसणारं सारखं असेलच असं नाही. नाना एक तुकडा उचलायचे, उजेडात धरायचे, परत ठेवायचे. क्रम गेल्यावर ते नवशिक्यासारखे दिसायला लागले होते, आणि ते बघवत नव्हतं.

"पुस्तक काढ," शुक्रवारी ते म्हणाले. "त्यामां काय म्हनस?"

गाडीबरोबर एक जाड पुस्तक आलं होतं. मी नुकती बारावीची परीक्षा दिलेली, इंग्रजीत दहावीला पास. म्हणून वर्षभरापासून पुस्तक वाचायची जबाबदारी माझ्याकडे होती. नानांनी काही विचारलं की मी पान उलटून, भुवया आकसून, काहीतरी सांगायचो. आता ती वेळ नव्हती.

"नाना, हाई इंग्रजी नही शे."

"मंग?"

"जर्मन शे."

नानांनी पुस्तक माझ्या हातातून ओढून घेतलं. "मंग इतला दिन काय वाचे तू?"

"चित्रं."

ओट्यावर ब्लाउजला काजं करत बसलेली अक्का हसली नाही, हे तिचे उपकार. तिचे खांदे मात्र हलत होते.

शनिवारी धुळ्याहून भिकन मिस्त्री एस.टी.ने आला. आग्रा रोडवर ट्रकांचं काम करणारा माणूस, नानांच्या ओळखीचा. त्याने गाठोडं बघितलं, तंबाखू मळली आणि म्हणाला, "गाडी जर्मन ऱ्हावो का देशी, हवा न पेट्रोल, दोनच गोष्टी शेतस." त्याचा हा आत्मविश्वास बघून मला धीर आला, पण नानांच्या चेहऱ्यावर अजून काळजी वाढली. तास-दीड तासात त्याने दोन्ही कार्बोरेटर बसवले. उरला एक पितळी तुकडा, बारीक भोकाचा. तो कुठेच बसेना. भिकनने तो इथे लावला, तिथे लावला, कानशीने घासला, शिव्या दिल्या. संध्याकाळी अक्का आत चहा करायला गेली आणि बाहेर येऊन म्हणाली, "मना स्टोव्हनं निपल कोनी नेयं?"

अक्काचा स्वयंपाक चुलीवर, स्टोव्ह फक्त पाहुण्यांच्या चहापुरता. बुधवारी सकाळी नानांनी त्याचं निपल साफ करून त्याच धोतराच्या कोपऱ्यावर ठेवलं होतं. आता ते घासून वाकडं झालेलं. मी गुपचूप चौकातून नवीन आणून दिलं.

मोटार चालू झाली. पण ती एका जागी शांत उभी राहीना. क्षणभर किंचाळायची, मग मरायची. भिकनने कान लावला. इंजिन किती फिरावं ते ठरवणारा जो बारीक स्क्रू असतो, तो जागेवर धरणारी स्प्रिंग एका बाजूला नव्हती. स्क्रू थरथरून आपोआप फिरत होता. ती स्प्रिंग वावटळीत गेली, की माझ्या गाठीतून निसटली, की त्या अंगणात अजून आहे, हे आजपर्यंत कळलेलं नाही. आम्ही तिघांनी अंगण चाळलं. मला दोन चिंचोके आणि एक टिचबटन सापडलं.

भिकन शेवटची एस.टी. धरून गेला. जाताना म्हणाला, "तशी स्प्रिंग मुंबईले भेटी." मंगळवारच्या आत मुंबईला कोण जाणार?

रविवारी नाना मोटारीपाशी गेलेच नाहीत. एरंडोलची वेळ झाली, टळली. ते ओट्यावर बसून जिनिंगमधून घेतलेल्या सुट्टीचे उरलेले दिवस मोजत होते. मग अक्का उठली. तिने मशीनवरची चकती फिरवली, दोऱ्याला ताण देणारी नखाएवढी स्प्रिंग काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"पाहा बसस का."

मी थक्क झालो. "अक्का, गाडी नापास व्हयनी ते जागा तुलेच मियी ना?"

"मियी. मंग तो दिनभर मनापुढे बशी ऱ्हाई," अक्का नानांकडे हनुवटी करून म्हणाली. "मंगळवारले परत पाहिजे. लगीनसराई शे. तुना हाततीन घेसू, त्याना नही."

स्प्रिंग बसली. थोडी लांब होती, म्हणून नानांनी स्क्रू दोन आटे जास्त आवळला. इंजिन एका सुरात चालत राहिलं. का, ते नानांना विचारलं, तर म्हणाले, "मले काय मालूम?"

मंगळवारी पहाटे निघालो. बांभोरीच्या पुलावर बैलगाड्या होत्या, थांबावं लागलं, आणि आम्ही दोघं इंजिन ऐकत राहिलो. नानांनी दोनदा मला विचारलं, काही ऐकू येतं का. मी दोनदा नाही म्हणालो. एकदा खोटं.

साहेबांनी चासीचा नंबर घासून बघितला, दिवे लावायला लावले, हॉर्न वाजवला. मग म्हणाले, "चालू राहू द्या." ते मागे जाऊन धुरासमोर उभे राहिले, हातावरच्या घड्याळात बघत. मोटार थरथरत, पण न मरता, उभी राहिली. नाना स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून समोर बघत होते, चालवत असल्यासारखे.

"कार्बोरेटरचं काम कुणी केलं?" साहेबांनी विचारलं.

नानांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. आमच्यापैकी कुणालाच खरं उत्तर माहीत नव्हतं.

"घरीच केलं," नाना म्हणाले.

पाच वर्षांचा शिक्का मिळाला. येताना नाना एरंडोलच्या बाजूने आले, मुद्दाम लांबून. रविवार बुडाला होता ना.

संध्याकाळी अक्का ओट्यावर हात पुढे करून उभी होती. पण स्प्रिंग काढली तर मोटार परत किंचाळणार, मरणार. यावर उपाय सोपा, असं मला वाटलं. मी जळगावच्या बाजारातून तशीच नवीन स्प्रिंग आणलीच होती, पुडीत बांधून. अक्काने ती मशीनला बसवली, चिंधीवर चार टाके घातले, चिंधी उजेडात धरली.

"हाई मनी नही."

"तशीच शे अक्का."

"टाका चुरगयस. वीस वरीस मी तिनावर शिवी ऱ्हायनू, मले शिकाडू नको."

ती नवीन स्प्रिंग मग मी मोटारीत लावून बघितली, म्हणजे अक्काची मोकळी होईल. मोटारीने ती घेतली नाही. का घेतली नाही, हे पुस्तकात असेल कदाचित, जर्मनमध्ये. दोन्ही स्प्रिंगा शेजारी ठेवून मी आणि नाना किती वेळ बघत बसलो. आम्हाला फरक दिसला नाही.

आता दिवाळी आलीय. अक्का दोऱ्याला बोटाने ताण देऊन शिवते. बोटाला घट्टा पडलाय. पापड अजून शेजारच्यांच्या छपरावर. रविवारी नाना मोटार काढायला लागले की ती मागच्या सीटवर जाऊन बसते आणि एरंडोलला चहा पिऊन येते. बॉनेट उघडलं की मात्र उतरून वाकून बघते, आपली स्प्रिंग जागेवर आहे का. मग माझ्याकडे वळते. "मंगळवार कव्हय येस रे तुना, निंबा?"

परवा धुळ्याहून आणखी एक आणली आहे. मधल्या दोन अक्काने चार-चार टाक्यांत परत केल्या, ही चौथी. शर्टाच्या खिशात आहे, अजून दाखवायचा धीर झालेला नाही.