दिवस राहण्याआधीची गोळी

माझं पहिलं बाळ दोन दिवस जगलं. त्याच्या पाठीचा कणा खालच्या बाजूला उघडा होता. सव्वा महिन्यानं धुळ्याला देवपुरात डॉक्टरीणबाईंना दाखवायला गेले, तेव्हा त्यांनी छोट्या पिवळ्या गोळ्या लिहून दिल्या. "फॉलिक अ‍ॅसिड. बाळाच्या पाठीचा कणा नीट जुळावा म्हणून. पुढच्या वेळी दिवस राहायच्या आधीपासून घ्यायची. रोज. चुकवायची नाही." नव्वदीनंतरची गोष्ट. असं काही असतं हे आमच्याकडे कुणालाच माहीत नव्हतं.

मी हो म्हटलं. त्या काळात मी सगळ्यालाच हो म्हणत असे. जेव म्हटलं की जेवायचे, कापूस वेचायला चल म्हटलं की जायचे. रडू येत नव्हतं.

सासूबाईंना घरात सगळे अक्का म्हणत. पाच-सहा दिवस त्यांनी मला गोळी घेताना पाहिलं. मग विचारलं, "काय दुखस तुले?"

"काही नाही."

"मंग गोया कसाले खास?"

मी डॉक्टरीणबाईंचं सांगणं सांगितलं. पाठीचं नाव काढल्यावर अक्का भाकरी थापायच्या थांबल्या. तव्यावरची करपली तरी त्यांनी उलटली नाही.

"मन्हं बी एक तसंच व्हतं," त्या म्हणाल्या. "तुन्हा नवराना पहिले. कोनले सांगं नई."

एवढंच. पुन्हा त्या विषयावर कधी बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून सकाळी गोळी आणि पाण्याचा तांब्या त्याच माझ्यासमोर ठेवत, आणि मी गिळेपर्यंत उभ्या राहत. मला बरं वाटलं असेल का? आठवत नाही. मी गिळत असे.

सात महिन्यांनी दिवस गेले. मग लोहाच्या गोळ्याही सुरू झाल्या. त्यांनी मळमळायचं, शौचाला काळं व्हायचं. शेजारणी म्हणाल्या, या गोळ्यांनी पोर फार मोठं होतं, बाळंतपण अडतं. अक्का त्यांना म्हणाल्या, "व्हवू दे मोठं."

मुलगी झाली. डॉक्टरीणबाईंनी आधी तिला पालथं धरून मला पाठ दाखवली. "बघ, नीट आहे." मी पाहिलं आणि पाणी मागितलं. अक्का बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्या पदर तोंडाला लावून रडल्याचं मला नवऱ्यानं सांगितलं.

मला आनंद व्हायला दीड-दोन महिने लागले. तोवर मी तिला पाजत होते, दुपटी धूत होते, आणि ती आपली वाढत होती.